कपडेपट, घाम आणि डांबरगोळी

आपल्या मंडळाची स्मरणिका म्हटली की पाककृती, विणकामाचे नमुने आणि अष्टविनायकाचे प्रवासवर्णन हे ठरलेलेच. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे इतकी वर्षे मंडळाच्या पोशाखांची पेटी आहे, तर त्या पोशाखांवर लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे सनावळ्या, एवढेच शाळेत कळले. परंतु पेटी सांभाळता सांभाळता नाटक-तमाशाविषयीची पुस्तके वाचनालयातून आणून वाचण्याचा नाद लागला, आणि असे ध्यानात आले की, नाचाच्या वापरलेल्या पोशाखाला जो वास येतो त्यालाही इतिहास आहे. तोच येथे सांगावयाचा आहे. विषय ऐकून कोणी नाकाला पदर लावू नये, एवढीच वाचक भगिनींना विनंती.

पोशाखांच्या साठ्याला मराठी नाटक मंडळींत 'कपडेपट' असा छान शब्द आहे. चेहरे रंगविण्याचा तो रंगपट, कपड्यांचा तो कपडेपट. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' हे नाटक केले, ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. राजाश्रय होता तोवर पोशाखाची काळजी नव्हती. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली ते मुंबईसही आले. तेव्हापासून मराठी नटाचा पोशाख पेटीत राहू लागला. आपल्या घरचे कपडे दांडीवर वाळतात, घडी होते, मग ते कपाटात जातात. फिरत्या मंडळीचा पोशाख रात्री अंगावरून उतरला की घाम वाळण्यापूर्वीच पेटीत जाई, पेटी बैलगाडीत आणि पुढे आगगाडी आल्यावर मालडब्यात. दुसऱ्या गावी पेटी उघडली की तोच पोशाख पुन्हा अंगावर. माझ्या मते सगळ्याचे मूळ येथे आहे. घाम राजालाही येतो. ओला कपडा बंद पेटीत कोंबण्याची पाळी मात्र फिरतीवरच्या माणसावरच येते.

किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले आणि पुढे संगीत नाटकांचा असा काळ आला की, नाटक रात्री सुरू व्हावे ते पहाटेपर्यंत चालावे. स्त्रियांची कामे पुरुष करीत, त्यांना 'स्त्रीपार्टी' नट म्हणत. त्यांतले सर्वांचे लाडके नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली आणि १९१६ साली आलेल्या 'स्वयंवर' नाटकात त्यांची रुक्मिणी पाहण्यास लोक वेडे झाले. त्यांनी जसे लुगडे नेसावे, जसा अंबाडा घालावा, तसे पुण्या-मुंबईच्या बायकांनी करावे, असा तो प्रकार होता. मला त्यात गंमत वाटते ती वेगळीच. सणावाराला शालू आपण दोन तास नेसतो आणि उतरवताना पाठीवर घामाचा ओघळ दिसला की जीव चरकतो. येथे एक पुरुष तापलेल्या दिव्यांच्या पुढे रात्रभर भरजरी शालूत गात उभा! तो शालू धुवावयाचा कसा? खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. तिला पाणी लागले, सोडा लागला, की ती काळवंडते. रेशीम हे प्राणिज सूत, धुण्याच्या सोड्याने ते झिजून जाते. म्हणजे धुणे बाद.

मग उपाय काय, तर अत्तर. गंधर्व मंडळीतील अत्तराच्या खर्चाच्या गोष्टी जुने नाट्यशौकीन सांगत आले आहेत. बालगंधर्वांच्या प्रवेशाबरोबर नाटकगृहात सुगंध दरवळे म्हणतात. त्यातील खरे किती आणि भक्तीपोटी वाढविलेले किती ते सोडून देऊ. परंतु अत्तर हे कपडेपटाचे पहिले औषध होते, यात शंका नाही. उत्तर हिंदुस्थानात कनौजला हिना, केवडा, वाळा, गुलाब यांची अत्तरे चंदनाच्या तेलावर उतरवीत, तीच सर्व देशभर जात. चंदनाचा वास जड, तो चिकटून राहतो, म्हणून अत्तर दुसऱ्या दिवशीही ओळखू येते.

तरी पण अत्तराने वास जात नाही, झाकतो. ताजा घाम जवळजवळ बिनवासाचा असतो. दुधाला विरजण लागावे तसे कातडीवरचे सूक्ष्म जंतू त्या घामात काम करतात, त्यातले पदार्थ फोडतात आणि मग तो आंबूस वास सुटतो. म्हणजे कपड्यात मुरलेले विरजण जोवर आहे तोवर वास परत येणार. वरून अत्तर टाकणे म्हणजे नासलेल्या कढीवर कोथिंबीर पेरणे! शिवाय अत्तर तेलकट. रेशमावर त्याचा डाग पडला की तो शालूबरोबरच जातो. यासाठी जाणती माणसे अत्तर कपड्याला न लावता कापसाचा फाया करून पेटीच्या कोपऱ्यात ठेवीत.

दुसरे औषध धुरी. हे आपणां बायकांच्या घरचे. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी देताना निखाऱ्यावर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची झबली-टोपडी टाकायची, हे माझ्या आईने माझ्या वेळीही केले. तशीच ऊद-धुपाची धुरी पोशाखांना देत. पेटीत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालीत. वेखंडाने कसर लागत नाही, हे खरे. धुराने कपडा कोरडा होतो आणि कुबट वास कमी होतो, हेही खरे. पण धूर अधिक झाला तर शालूला देवघराचा वास लागतो तो निघता निघत नाही.

तिसरे औषध सर्वांत जुने आणि फुकट, ते म्हणजे वारा आणि ऊन. पावसाळा सरला, आश्विनातले कडक ऊन पडू लागले, की ठेवणीतली लुगडी बाहेर काढायची, उलटी करून वाळत घालायची, जुन्या घडीवर पुन्हा घडी पडू द्यायची नाही, आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात बांधून ठेवायची. रेशमाला थेट ऊन सोसत नाही, रंग उडतो आणि सूत कुजते, म्हणून सावलीत पण वाऱ्यावर. जपानात 'नो' नावाचा एक फार जुना नाट्यप्रकार आहे. त्यांचे जरीचे पोशाख पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि ते धूत नाहीत. तिकडे पावसाळा संपला की वर्षातून एकदा सारे पोशाख बाहेर काढून वाऱ्यावर टांगतात, त्याला 'मुशीबोशी' म्हणतात. कुठे जपान, कुठे आपली आजी! पण दोघांनी एकच केले, कारण कापड एकच आणि दमटपणाही एकच.

या साध्या गोष्टीला बाधा आली ती डांबरगोळीने. दगडी कोळशापासून जे डांबर निघते त्यातून १८२० च्या सुमारास विलायतेत हा पांढरा पदार्थ काढला, म्हणून आपण त्याला डांबरगोळी म्हणतो. कापरासारखी ती न वितळता उडून जाते आणि तिची वाफ कपड्याच्या सुतासुतात शिरून बसते. कसर मरते, पण वास राहतो. पाण्यात ती विरघळत नाही, म्हणून दहा वेळा धुतले तरी वास जैसे थे. पेटीत दोन गोळ्या पुरतात तेथे मूठभर टाकण्याची आपली रीत, तेव्हा बोलावयासच नको. एक गोष्ट मात्र प्रत्येक आईने ध्यानात ठेवावी. काही नवजात बालकांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते आणि अशा बाळाला डांबरगोळीत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जबर कावीळ होऊ शकते. युरोपातील देशांनी २००८ साली या गोळ्यांची विक्री बंद केली. आपल्याकडे मात्र वाण्याच्या दुकानात आणि आगगाडीच्या डब्यात ती मिळते.

आता नाजूक भागाकडे वळते. नाचाचे पोशाख म्हटले की महाराष्ट्रात पहिल्याने तमाशा आठवतो. तमाशाचे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात ते वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा करतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावला पाडव्याच्या आसपास राहुट्या पडतात आणि गावचे पंच येऊन तेथे सुपाऱ्या ठरवितात. एका गावी रात्री खेळ, पहाटे सामान मालमोटारीत, दुसऱ्या रात्री दुसरे गाव. आमचे सासरे लालबागला गिरणीत होते. हनुमान थिएटरात तमाशा पाहण्यास जात, आणि हे घरात सासूबाईंना ठाऊक असूनही कोणी बोलत नसे. ते सांगत की, बाई नाचायला उभी राहिली की पहिल्या रांगेपर्यंत घाम, खोबरेल, पावडर आणि मोगरा यांचा मिळून एक वास येई.

त्या वासाचे आता काय सांगावे? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला आणि २००२ साली त्या गेल्या, त्या आधी शेवटची वर्षे ओढगस्तीत काढून. दिवस भरले असताना त्या नाचायला उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्या तेव्हा आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढे आल्या, ही हकिगत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ज्यांनी एक तरी बाळंतपण काढले आहे त्यांनी ती डोळे मिटून एकदा मनात आणावी. त्या रात्रीचे लुगडे कोणी धुतले असेल?

तमाशातील पुष्कळ कलावंत, स्त्रिया आणि पुरुषही, गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या जातिजमातींतले होते. रात्री त्यांच्या लावणीला फेटे उडवावयाचे आणि सकाळी त्यांना विहिरीवर चढू द्यावयाचे नाही, अशी रीत होती. महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. प्यावयाच्या पाण्याची ही कथा, तेथे लुगडे धुवावयास पाणी कोण देणार? पाणी द्यावयाचे नाही आणि वर "यांच्या कपड्यांना वास येतो" म्हणावयाचे. हा वास कोणत्या रिठ्याने जातो ते मला सापडले नाही.

शिकल्यासवरल्या घरांतील स्त्रिया रंगभूमीवर आल्या त्या बऱ्याच उशिरा. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे यांनी काम केले, त्याची केवढी चर्चा झाली! नृत्य घरात यावयास आणखी वेळ लागला. पुण्यास रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' काढली आणि हळूहळू मुलीला कथ्थक शिकवणे हे भूषण ठरले. आज आपल्या मुलुंडला दर चार इमारतींत एक नृत्यवर्ग आहे आणि कालिदास नाट्यमंदिरात वार्षिक समारंभाच्या दिवशी मेकअपच्या खोलीत उभे राहावयास जागा नसते.

आपल्या उपनगरांत तर पोशाखांचा दुसराच मोठा संसार आहे, तो सिनेमाचा. मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज, गोरेगावला १९४३ साली फिल्मिस्तान, चेंबूरला १९४८ साली आर. के. स्टुडिओ. १९६० साली आलेल्या 'मुघल-ए-आझम'चे ते आरसेमहालातले नृत्य अंधेरीच्या मोहन स्टुडिओत चित्रित झाले. लोकांना वाटते की सिनेमात प्रत्येक गाण्यास नवे कपडे. तसे नाही. २००५ सालच्या 'बंटी और बबली'मध्ये ऐश्वर्या रायने 'कजरा रे' गाण्यात घातलेला पोशाख पुढे २०१० सालच्या 'बँड बाजा बारात'मध्ये मागे नाचणाऱ्या एका मुलीच्या अंगावर होता. अंधेरीच्या यशराज कंपनीच्या पोशाख सांभाळणाऱ्या बाईंनीच ते सांगितले आणि वर्तमानपत्रांत छापून आले. म्हणजे वापरलेला पोशाख घालणे यात कमीपणा मानणाऱ्या आपण एकट्याच! चेंबूरच्या स्टुडिओतही जुन्या नायिकांचे पोशाख जपून ठेवले होते. १६ सप्टेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत ते गेले. वास घालविता येतो, डाग घालविता येतो, जळलेले परत येत नाही.

आपल्या मंडळाची जुनी पेटी पाण्याने गेली. २६ जुलै २००५ चा पाऊस कोणी विसरले नसेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंद झाली. पेटी तळमजल्यावरच्या खोलीत होती, त्यात कंबरभर पाणी शिरले, आणि ते पाणी पावसाचे कमी, गटाराचे जास्त. कोळीनृत्याच्या सुती साड्या उकळत्या पाण्याने आणि साबणाने सुटल्या. मखमलीची जाकिटे, कापूस भरलेले कमरपट्टे मात्र टाकून द्यावे लागले. गटाराचे पाणी लागलेले कापूसकाम धुऊन ठेवण्याचा मोह कोणी करू नये, त्यात नुसता वास नसतो, रोगराई असते.

त्यानंतरच्या वर्षी मंडळाने वापरलेले पोशाख विकत घेतले. भाड्याने पोशाख देणारा एक ड्रेसवाला दुकान बंद करीत होता, त्याच्याकडून तीन ट्रंका स्वस्तात मिळाल्या. मी तेव्हा नवी सून, मागे उभी राहून पाहत होते. ट्रंक उघडल्याबरोबर असा भपकारा आला की दोघी-तिघी मागे सरल्या. वर दोन जरीकाठी नऊवारी आणि चोळ्या होत्या. "या कुठल्या?" कोणी विचारले. आणणारी म्हणाली, "फडातल्या आहेत, असं ड्रेसवाला म्हणाला."

एकदम शांतता झाली. मग एक वहिनी म्हणाल्या, "तमाशातल्या बाईचं लुगडं मी नेसायची नाही. वास बघा कसा मारतोय!" दुसरीनेही मान डोलावली. कोणी म्हणाले, बोहारणीला देऊन चार पातेली घ्यावीत. आपल्यांत सर्वांत वडील असलेल्या काकू तोवर गप्प होत्या. त्यांनी लुगडे हातात घेतले, नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "अगं, हा वास डांबरगोळीचा. तुझ्या लग्नातल्या शालूलाही हाच येतो, मागच्या हळदीकुंकवाला मी तुझ्या शेजारी बसले होते." काही जणी हसल्या, काही हसल्या नाहीत. वहिनींनी पुढे दोन वर्षे त्या पोशाखांना हात लावला नाही, हेही सांगितले पाहिजे.

काकूंनी मग चोळी उलटी केली. तिच्या काखेत आतून मांजरपाटाचा एक-एक चौकोनी तुकडा होता, धावदोऱ्याने घातलेला, आणि भोवती जुन्या टाक्यांची भोके, एकात एक. काकूंनी बोट फिरवून दाखविले. तुकडा उसवायचा, धुवायचा, कोरडा तुकडा रात्री पुन्हा टाचायचा, असे शेकडो वेळा झालेले होते. चोळीच्या वरच्या खणाला घामाचा डागसुद्धा नव्हता. विलायती नाटकांतही नटींच्या कपड्यांना आतून अशाच गाद्या लावतात असे पुढे माझ्या वाचनात आले. आमच्यापुढे मात्र ते एका अनोळखी बाईने, मालमोटारीतून हिंडताना, कंदिलाच्या उजेडात करून ठेवलेले होते. ड्रेसवाल्याने मूठभर गोळ्या टाकून त्याचे मातेरे केले, एवढेच.

ते पोशाख सुधारावयास आम्हांला पावसाळा सोडून सहा महिने लागले. त्यात जे कळले ते भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आधी वास ओळखावा. थंड कपड्याचा वास घेऊन कळत नाही, आतल्या अस्तरावर इस्त्रीची नुसती वाफ द्यावी, म्हणजे लपलेला वास वर येतो. आंबूस असेल तर घाम, मातकट-कुबट असेल तर बुरशी, आणि नाकात झोंबला तर डांबरगोळी. तिन्हींचे औषध निरनिराळे. डांबरगोळीला वारा हेच औषध. गच्चीवर सावलीत, उलटे करून, रोज चार-पाच तास, असे तीन आठवडे टांगल्यावर आमच्या नऊवारींचा वास निम्मा झाला. मग त्या ड्रायक्लीनिंगला दिल्या. ड्रायक्लीनिंगचे रसायन डांबरगोळी विरघळविते, तेथे ते पैसे कारणी लागतात. घामाचे उलटे आहे. घामातील क्षार पाण्यातच विरघळतात, त्या रसायनात नाही. म्हणून घामट पोशाख ड्रायक्लीनिंगहून छान दिसत येतो आणि अंगाची ऊब लागली की पंधरा मिनिटांत पहिल्यासारखा वास सोडतो. पुष्कळ जणी लाँड्रीवाल्याशी भांडतात, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नसतो.

घामाला म्हणून पाणी हवेच. चोळ्या, अस्तरे, परकर हे थंड पाण्यात रात्रभर भिजवून रिठ्याच्या पाण्याने धुतले. रिठा रेशमालाही सोसतो. शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घातले. साबणाचा अंश आणि आंबूसपणा दोन्ही त्याने निघतात, आणि व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळताना उडून जातो. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर मात्र एकत्र कदापि करू नये, विषारी वायू निघतो. जरीच्या कपड्याला आम्ही पाणी लावलेच नाही. लाकडी कोळशाचे तुकडे आणि खायचा सोडा यांच्या वेगवेगळ्या फडक्यांत पुरचुंड्या बांधल्या आणि कपड्याला न लागतील अशा पेटीत आठ-आठ दिवस ठेवल्या. कोळसा वास ओढून घेतो. पुरचुंड्या दर आठवड्यास बदलाव्या लागतात, त्यात कंटाळा करून चालत नाही.

सर्वांत त्रास दिला तो नव्या कपड्यांनी, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. ट्रंकेत चकचकीत सॅटिनचे घागरे होते. ते रेशीम नव्हे, पॉलिस्टर. सुती कपडा पाणी पितो आणि पाण्याबरोबर घाम सोडतो. पॉलिस्टर पाणी पीत नाही, अंगाचे तेल मात्र धरून ठेवते, आणि जंतूंचे काम त्या तेलावर चालते. म्हणून सुती चोळीपेक्षा पॉलिस्टरच्या ब्लाउजला लवकर वास येतो आणि उशिरा जातो. त्याला कोमट पाण्यात चांगल्या धुण्याच्या पावडरीत दोन तास भिजवावे. कपडे मऊ करण्याचे जे सुगंधी द्रावण मिळते ते घालू नये, त्याचा थर बसून वास आत कोंडतो. इतके करूनही दोन घागरे सुटले नाहीत. त्यांची पायपुसणी केली.

परदेशी नाटकगृहांत कपडेपट सांभाळणाऱ्या बाया जड पोशाखांच्या आतल्या बाजूस स्वस्त व्होडका पाणी घालून फवारतात. मद्यार्काने जंतू मरतात आणि तो उडून जातो, वास मागे राहत नाही. युक्ती खरी आहे. आपल्याकडे व्होडकाची बाटली पोशाखासाठी आणली हे घरातल्या माणसांना पटविणे कपडा धुण्याहून कठीण जाईल! आम्ही औषधाच्या दुकानातील स्पिरिट निम्मे पाणी घालून एका जाकिटाच्या अस्तरावर वापरून पाहिले. काम झाले, पण एके ठिकाणी रंग फुटला. तेव्हा आधी शिवणीच्या आत कोपऱ्यात पाहावे, आणि जवळ निरांजन किंवा गॅस असू नये.

आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि हवा इतकी दमट असते की मीठसुद्धा पाणी सोडते. श्रावणात नेमके मंगळागौरीचे खेळ. तेव्हा पोशाख निघतात, घामाने भिजतात आणि वाळत नाहीत. यासाठी कार्यक्रमानंतर पोशाख पिशवीत कोंबून घरी नेऊ नये. रात्री किती का वाजेनात, पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठींवर पसरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटीत आणून द्यावा.

त्या दोन फडातल्या नऊवारी पेटीत वरच आहेत. एकीची जरी खांद्यापाशी विरली आहे, दुसरी गेल्या वर्षीच्या स्पर्धेत नेसली होती. ती कोणी नेसली होती हे मी लिहीत नाही, त्या वहिनींना आवडणार नाही. सर्व चोळ्यांना आणि ब्लाउजांना आता काखेत मांजरपाटाचे तुकडे घातलेले आहेत, जादा तुकडे आणि सुईदोरा पेटीतल्या डब्यात आहे. आश्विनात, पाऊस गेल्यावर, पोशाख गच्चीवर काढावयाचे आहेत. त्या कामास चार जणी हव्यात. पेटीची किल्ली माझ्याकडे आहे. पोशाख परत करताना तुकडे उसवून, वेगळे धुऊन, वाळवून द्यावेत.